सल्ला हवा: १९४८ ची प्लिमथ, फ्लॅटहेड सिक्स, ट्यूनिंगचे आकडे

माटुंगा_प्लिमथ: २१७.८ क्युबिक इंचाचं इंजिन, सहा व्होल्ट, पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचा प्लस बॉडीला). आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) झटके देते, गरम झाल्यावर सेल्फ (स्टार्टर) दमतो. प्लग, पॉइंट (ठिणगीसाठी करंट तोडणारे संपर्क), टॅपेट (व्हॉल्व्हची फट), टाइमिंग (ठिणगी पडायची वेळ), सगळ्याचे आकडे हवेत. बजेट ४,००० रुपये, काम घरीच करणार.

बारा_व्होल्ट: आधी बारा व्होल्ट करून घ्या आणि पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट टाका. ४,००० मध्ये काही होत नाही, बजेट वाढवा. माझ्या गाडीत दोन्ही केलंय, हाफ सेल्फला उठते.

फिलरगेज: दादा, आकडे लिहून घ्या. प्लग गॅप २५ थाऊ (इंचाचा हजारावा भाग); रेझिस्टर प्लग असेल तर ३५. पॉइंट २० थाऊ. टॅपेट गरम इंजिनला: इनटेक ८, एक्झॉस्ट १०. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४, एक नंबर रेडिएटरकडे. टाइमिंग टीडीसीवर (पिस्टन अगदी वर असताना).
क्रम मोडू नका. कॉम्प्रेशन, टॅपेट, प्लग, पॉइंट, मग टाइमिंग, सर्वात शेवटी कार्बोरेटर. पॉइंटचा गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात आणि टाइमिंग पुढे सरकतं, म्हणून आधी टाइमिंग लावून मग पॉइंटला हात लावला तर सगळी मेहनत फुकट.

कुर्ला_स्पेअर: प्लग २५, पॉइंट २०, बरोबर. डेल्कोचं (डिस्ट्रिब्युटरचं) कॅपही बघा. मुंबईच्या पावसाळी हवेत आतून केसासारखी काळी रेघ उमटते, करंट तिथून पळतो आणि मिसिंग येतं. पार्टसाठी सीएसटी रोड पालथा घाला. प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यातच या गाड्या जोडल्या होत्या.

ऑक्टेन९५: महागडं प्रीमिअम पेट्रोल टाका, झटके जातील.

फिलरगेज: नाही जाणार. कॉम्प्रेशन रेशो सातच्याही आत आहे, या इंजिनला जास्त ऑक्टेनचा उपयोग शून्य. काळजी इथेनॉलची करा. फ्युएल पंपाचा जुना रबरी पडदा आणि पाइप त्याने सुजतात.

ऑक्टेन९५: माझी गाडी प्रीमिअमवर स्मूद चालते, एवढंच सांगतो.

वर्कशॉप_ताई: पॉइंट काढून नीट बघा. एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकडी दिसली तर कंडेन्सर बदला, नुसते पॉइंट बदलून दोन महिन्यांत तेच होईल. पॉलिश पेपर अजिबात मारू नका, त्याचे कण रुततात आणि पॉइंट जळतात. नवीन पॉइंटवर तेलाचा थर असतो. कोरं व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून ओढा. काळा पट्टा उमटतो. पट्टा उमटायचा थांबेपर्यंत कार्डाची कोरी जागा घेत राहा. कॅमवर ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढंच.
कॉइलही तपासा. पॉझिटिव्ह अर्थला कॉइलचा मायनस स्विचकडे आणि प्लस डेल्कोकडे. उलटं असेल तर ठिणगी कमजोर पडते, गाडी मात्र चालते, म्हणून वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही.

बारा_व्होल्ट: म्हणूनच म्हणतो, किट टाका. आणि गरम झाल्यावर सेल्फ दमतो, तो सहा व्होल्टचाच दोष.

फिलरगेज: सेल्फ दमतो तो केबलमुळे. आजची बाजारी केबल बारा व्होल्टच्या हिशेबाने बारीक असते. सहाला करंट दुप्पट लागतो. शून्य नंबरची जाड केबल टाका आणि अर्थिंगचं टोक रंग खरवडून, चकचकीत पत्र्यावर आवळा.

कुर्ला_स्पेअर: टीडीसी शोधायला सहा नंबरच्या सिलिंडरवरचा छोटा बूच (स्पार्क प्लग नव्हे) काढा, लांब सळई सोडा. पिस्टन वर येऊन थांबला की एक नंबरही वरच असतो. रोटर (डेल्कोच्या आत फिरणारा तुकडा) एक नंबरच्या वायरकडे आहे ना बघा, नाहीतर अर्धा फेरा चुकेल. सळई आत असताना सेल्फ मारू नका, हातानेच फिरवा.

माटुंगा_प्लिमथ: सर्वांचे आभार. सहा व्होल्ट आणि पॉइंट दोन्ही ठेवतोय. पॉइंट, कंडेन्सर, कॅप, शून्य नंबर केबल घेतो. कॉइलच्या वायर आत्ताच बघितल्या, उलट्याच होत्या! टॅपेटला मात्र यावेळी हात लावत नाही, कॉम्प्रेशन सहाही सिलिंडरला जवळपास सारखं आलंय.

फिलरगेज: टॅपेट मोजा तरी. एक्झॉस्ट घट्ट असेल तर आवाज येत नाही, व्हॉल्व्ह गुपचूप जळतो.

माटुंगा_प्लिमथ: दिवाळीनंतर. शनिवारी आयडल मिक्श्चर लावायला व्हॅक्यूम गेज कोणी देईल का? माटुंगा-सायनमध्ये असेल तर मी घेऊन जाईन.