जीआरचा फोटो, गुन्ह्यांचा आकडा, कापलेला व्हिडिओ: खरं कसं शोधायचं?

ऐरोलीकर
जानेवारीत महापालिकेला चार-चार मतं देऊन झाली, पण सोसायटीच्या ग्रुपवरचा मारा काही थांबत नाही. मुख्यतः तीन प्रकार येतात. एक, "अमुक भाऊंवर १४ गुन्हे". दोन, "दादांच्या प्रयत्नांतून इतके कोटी मंजूर", सोबत जीआरचा (शासन निर्णयाचा) फोटो. तीन, भाषणाचा वीस सेकंदांचा तुकडा. आठवड्याला तासाभरापेक्षा जास्त वेळ देता येणार नाही. भरवशाचं एखादं चॅनल किंवा पेपर सांगाल का?

कागदवाला
चॅनल विचारू नका, कागद मागा. गुन्ह्यांपुरतं सांगतो.

विधानसभा-लोकसभेचा उमेदवार नमुना २६ मध्ये शपथपत्र देतो. ते केंद्रीय निवडणूक आयोगाच्या शपथपत्रांच्या पोर्टलवर मिळतं. नगरसेवकाचं तिथे शोधत बसू नका. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यामुळे ते त्या आयोगाच्या नाहीतर महापालिकेच्या संकेतस्थळावर पाहायचं. निवडणूक चालू असतानाच पीडीएफ उतरवून ठेवलेली बरी. मायनेता ही साइट चटकन नजर टाकायला उत्तम आहे, पण तिथली माहिती शपथपत्रांवरूनच भरलेली असते. आकडा खटकला की मूळ स्कॅन उघडायचा.

'१४ गुन्हे' या आकड्याला एकट्याला अर्थ नाही. आंदोलनं करणाऱ्या कार्यकर्त्यावर जुन्या भादंविचं (भारतीय दंड विधानाचं) १४३ (बेकायदा जमाव) आणि १८८ (आदेशभंग) डझनाने असतात. दुसऱ्यावर एकच गुन्हा असेल, पण ४२० (फसवणूक) किंवा ३०७ (खुनाचा प्रयत्न). म्हणून कलम वाचा, आणि शेजारचा 'आरोप निश्चित झाले का' हा रकानाही वाचा. १ जुलै २०२४ पासून नवीन गुन्हे भारतीय न्याय संहितेखाली नोंदले जातात, त्यात फसवणूक ३१८ मध्ये आहे आणि खुनाचा प्रयत्न १०९ मध्ये. दोन शपथपत्रांची तुलना करताना इथे हमखास घोळ होतो.

संपत्तीचंही तसंच. "पाच वर्षांत तिप्पट" ही बातमी बहुतेक वेळा चालू बाजारभावाच्या रकान्यावर बेतलेली असते. घोडबंदर पट्ट्यात नुसती जमीन धरून बसलेल्याचाही आकडा फुगतो. खरेदीची तारीख आणि खरेदीची किंमत असे वेगळे रकाने आहेत. २०१९ आणि २०२४ ची शपथपत्रं शेजारी ठेवून नवी मालमत्ता कुठली आली तेवढंच बघा. कर्जाचं पानही सोडू नका, लोक नेमकं तेच सोडतात.

पाचपाखाडी_जुना
जीआरबद्दल मी लिहितो. फॉरवर्डमध्ये बहुधा पहिल्याच पानाचा फोटो असतो, आणि कामाची गोष्ट शेवटच्या पानावर असते. तिथे "सदर शासन निर्णय... त्याचा संकेतांक... असा आहे" अशी ओळ येते. तो संकेतांक १८ अंकी असतो आणि त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष-महिना-दिवस. शासन निर्णयांच्या सरकारी संकेतस्थळावर तो टाकला की मूळ पीडीएफ येते. नाही आली तर लगेच 'बनावट' म्हणू नका, एखादा अंक चुकला असेल किंवा ते साधं पत्र असेल. पण शेवटचं पान मागितल्यावर पाठवणारा गप्प झाला, की काय समजायचं ते समजा.

आता 'मंजूर'. बॅनरवरचा हा सगळ्यात लवचिक शब्द. घोषणा, अर्थसंकल्पातली तरतूद, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश (कंत्राटदाराला काम सुरू करायचा आदेश), यातल्या कुठल्याही पायरीला मंजूर म्हणतात. प्रशासकीय मान्यता म्हणजे हातात आलेला पैसा नव्हे. निधी वितरणाचा जीआर वेगळा निघतो आणि त्यातली रक्कम पुष्कळदा मान्यतेपेक्षा बरीच कमी असते. काम खरंच सुरू होणार का, हे कार्यादेशावरून कळतं. निविदा निघाली का ते महाटेंडर्स या सरकारी निविदांच्या संकेतस्थळावर कामाच्या नावातला एखादा शब्द टाकून बघा. लेखाशीर्ष (पैसा कुठल्या खात्यातून येणार तो क्रमांक), कार्यकारी यंत्रणा (काम करून घेणारी संस्था) आणि रक्कम, जीआरमधल्या या तीन गोष्टी लिहून ठेवल्यात तर पुढचा शोध सोपा जातो.

श्रेय कुणाचं, हेही यंत्रणेवरून कळतं. बेलापूर–पेंधर मेट्रो सिडकोची आहे, ती नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. वडाळा–कासारवडवली मेट्रो ४ एमएमआरडीएची. मोरबे धरण मात्र नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं. आणि एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते: नवी मुंबईत २०२० पासून आणि ठाण्यात २०२२ पासून या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाकडे होता, निवडून आलेलं सभागृहच नव्हतं. त्या काळातल्या महापालिकेच्या कामाचं श्रेय माजी नगरसेवक घेत असेल, तर त्याने पाठपुरावा केलाही असेल, पण ठराव त्याच्या मताने झालेला नाही. पाठपुराव्याचं पत्र दाखवा म्हणावं, आवक शिक्का असलेलं.

फ्रेम_बाय_फ्रेम
व्हिडिओ: चेहरा आणि मागचा फलक दिसेल अशा दोन-तीन फ्रेम्सचे स्क्रीनशॉट घ्या, वर चिकटवलेला मजकूर कापा आणि गूगल लेन्समध्ये टाका. मजकूर तसाच ठेवला तर शोध त्या अक्षरांच्या मागे जातो आणि तोच फॉरवर्ड परत हाती येतो. मूळ भाषण सापडलं की तुकड्याच्या आधीची आणि नंतरची दोन-दोन मिनिटं ऐका. "विरोधक म्हणतात की..." एवढंच बहुतेक वेळा कापलेलं असतं.

पीआयबी फॅक्ट चेक फक्त केंद्र सरकारशी संबंधित दावे तपासतं. महापालिकेचं काही तिथे मिळणार नाही.

फेसबुकवरच्या 'आपलं ठाणे' छापाच्या पानांसाठी मेटाची ॲड लायब्ररी उघडून पानाचं नाव टाका. राजकीय जाहिरातीचे पैसे कुणी भरले आणि साधारण किती, ते दिसतं. पेपरात एकच मजकूर दोन ठिकाणी वेगवेगळ्या बायलाइनने (बातमीदाराच्या नावाने) छापून आला, तर ती बातमी नाही, जाहिरात आहे.

ऐरोलीकर
धन्यवाद. शपथपत्रातला एक गुन्हा ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर शोधला, ठाणे जिल्ह्यात काहीच येत नाही. लपवलाय का?

कागदवाला
पोलिस ठाणं कुठलं ते बघा. नवी मुंबई पोलिस आयुक्तालयात पनवेलही येतं, पण पनवेलचं न्यायालय रायगड जिल्ह्यात. राज्य आणि जिल्हा बदलून एफआयआर क्रमांकाने शोधा, वर्ष नोंदणीचं टाका. 'प्रलंबित' आणि 'निकाली' ही दोन्ही बटणं तपासा, फक्त पहिलं बघून लोक परत फिरतात. आरोपपत्रच दाखल झालं नसेल तर न्यायालयात प्रकरण दिसणार नाही, त्याला लपवाछपवी म्हणता येत नाही.

ऐरोलीकर
आणि कार्यादेश ऑनलाइन मिळालाच नाही तर?

पाचपाखाडी_जुना
माहिती अधिकार. दहा रुपये, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. "काम का रखडलं", "कधी होणार" असं विचारलंत की "प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही" असं उत्तर येतं. प्रती मागा: अमुक रस्त्याच्या कामाचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) संबंधित पानं, आजवर अदा केलेली देयकं. मुदत ३० दिवसांची. अर्ज चुकीच्या खात्यात गेला तर त्यांनीच पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, कलम ६(३). तो परत घेऊन येऊ नका.