नुसत्या ब्राइटनेसवरून ब्लॅक होल ओळखता येतं का?

धूमकेतू: टेस या नासाच्या अवकाश दुर्बिणीच्या डेटात एका ताऱ्याचा लाइट कर्व्ह (वेळेनुसार ब्राइटनेसचा आलेख) एकदम नियमित वरखाली होतोय, एक्स-रे वगैरे काहीच नाही. शेजारी ब्लॅक होल असू शकेल का?

निशाचर: शंका घेता येते, खात्री नाही. ब्लॅक होल जवळ असलं की त्याच्या ओढीने तारा ताणून अंड्यासारखा होतो, मग फिरताना कधी रुंद बाजू आपल्याकडे कधी टोक, म्हणून एका फेरीत दोनदा उजळतो आणि दोनदा मंदावतो. सिग्नस एक्स-१ या तारा-ब्लॅक होल जोडीत हेच दिसतं, फेरी ५.६ दिवसांची. आणि हो, सॉफ्टवेअर बऱ्याचदा अर्धाच पीरियड (फेरीचा काळ) देतं, तो दुप्पट करून बघच.

मृग: पण चिकटलेले दोन साधे तारे किंवा ताऱ्यावरचे डागही जवळपास असाच कर्व्ह देतात. स्पेक्ट्रम (रंगांत विभागलेला प्रकाश) हवाच, त्यातल्या रेषा किती सरकतात त्यावरून जोडीदाराचं किमान वस्तुमान निघतं, ते ३ सूर्यांच्या वर गेलं आणि तरी त्याचा उजेड दिसेना, तर मात्र जबरदस्त केस!

धूमकेतू: गाया बीएच१ हे ब्लॅक होल पण असंच सापडलं का?

निशाचर: नाही रे, तिथे फेरी १८६ दिवसांची, इतक्या लांबून तारा ताणला जाणं नगण्य. ताऱ्याची आकाशातली जागा डुलताना गाया या अवकाश दुर्बिणीला दिसली, त्यावरून २०२२ मध्ये कळलं. तुझा पीरियड टाक इथे, कर्व्हमधले दोन्ही खळगे सारखेच खोल आहेत का तेही सांग.