मदत हवी आहे: .३०८ टार्गेट रायफलची बॅरल (नळी) बदलताना स्वस्त घ्यावी की महाग?

बोल्ट-अ‍ॅक्शन, .३०८ विंचेस्टर, सुमारे ५,००० राउंड झालेत. बोअरस्कोपमध्ये (नळीच्या आत पाहायचं उपकरण) चेंबरच्या (काडतूस बसतं ती जागा) लगेच पुढे मगरीच्या कातडीसारख्या बारीक भेगा दिसतात. घासूनपुसून साफ केली तरी ३०० मीटरवर ग्रुप (लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका) पसरतोच, म्हणजे थ्रोट (चेंबरपुढचा, नळीतल्या खाचा सुरू होतात तो भाग) झिजलाय यात शंका नाही.

दोन्ही पर्याय बटन रायफलिंगचेच आहेत (कठीण बटन नळीतून ओढून पेचदार खाचा पाडलेले), ट्विस्ट १:१० (खाचांचा दर १० इंचांना एक वळसा). स्वस्त बॅरल क्रोममॉलीची (क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलाद), लॅपिंग (आतून बारीक घासून गुळगुळीत करणं) न केलेली. महाग बॅरल ४१६ स्टेनलेसची, हाताने लॅप केलेली. लॅपिंग नसेल तर गोळीच्या आवरणाचं तांबं नळीत लवकर साठतं, हे मान्य; जास्त वेळा साफ करता येईल. खरी भीती वेगळीच आहे. बटन ओढताना पोलादात ताण राहतो. तो उष्णता देऊन नीट काढला नसेल, तर बॅरल तापल्यावर नेम एकाच बाजूला सरकत जातो. स्वस्त बॅरलच्या माहितीपत्रकात याबद्दल एक अक्षर नाही.

शिवाय चेंबरिंग, बसवणं, गो/नो-गो गेजने हेडस्पेस (बंद बोल्टपासून चेंबरमध्ये काडतूस अडतं तिथपर्यंतचं अंतर) तपासणं, हा गनस्मिथचा खर्च दोन्हीकडे सारखाच. म्हणून मन महागकडे झुकतंय.

स्वस्त क्रोममॉली बॅरलवर सलग २० राउंड झाडून पाहिलेल्यांनी कृपया सांगा: शेवटच्या १० चा मध्य पहिल्या १० पासून किती सरकला? तीन-तीन राउंडचे ग्रुप नकोत, त्यावरून काहीच कळत नाही. बॅरलची जाडी आणि दोन राउंडमधलं अंतर किती सेकंदांचं होतं, तेही लिहा.