घरभेदी कोण? हेरकथा आणि राजकीय कटांच्या कादंबऱ्या वाचतानाचे अनुभव

फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष शार्ल द गॉल नोव्हेंबर १९७० मध्ये आपल्या घरी वारले. त्यांच्या हत्येच्या कटाची गोष्ट सांगणारी फ्रेडरिक फोर्सिथची ‘द डे ऑफ द जॅकल’ आली १९७१ मध्ये. म्हणजे हा कट फसणार, हे अगदी पहिल्या वाचकालाही ठाऊक होतं. मलाही होतं. तरी मी ती एका रात्रीत संपवली, आणि शेवटच्या पानांत तर मारेकऱ्याचा नेम चुकू नये असं मला क्षणभर वाटून गेलं. पुस्तक मिटल्यावर त्या वाटण्याचीच भीती वाटली. त्याने तयारी इतकी नीट केली होती, एवढ्यासाठी एका माणसाचा खून व्हावा असं मला वाटलं होतं.

तेव्हापासून या कादंबऱ्या मी सोडलेल्या नाहीत. कोणी त्यांना ‘टाइमपास’ म्हटलं की मला मनापासून राग येतो. माझ्याच मनातली अशी एखादी जागा मला दाखवून देणारी पुस्तकं मी फार वाचलेली नाहीत. म्हणून विचारते आहे: तुमचं पुस्तक कोणतं, ते कधी हातात आलं आणि त्यातलं काय तुमच्यात मुरलं? कथानक सांगत बसू नका, तुमचं सांगा. शेवट फोडणार असाल तर तेवढं आधी कळवा.

* * *

मी शेवट फोडणार आहे. ‘जॅकल’ न वाचलेल्यांनी मला ओलांडून पुढे जावं.

माझं काम कागदपत्रं तपासायचं. अर्ज, दाखले, सह्या, शिक्के. नोकरीला लागले त्याच वर्षी हे पुस्तक वाचलं. त्यात मारेकरी कबरस्तानांतून हिंडतो. लहानपणीच वारलेला, पण जगला असता तर आज आपल्या वयाचा असता, असा मुलगा शोधतो, त्याच्या नावाचा जन्मदाखला मागवतो आणि त्यावर पासपोर्ट काढतो. दाखला खरा, पासपोर्ट खरा, माणूस खोटा. जन्माची नोंद एका वहीत, मृत्यूची दुसऱ्या वहीत, आणि त्या दोन वह्या कोणी शेजारी ठेवून बघत नाही. तेवढ्या फटीतून तो आत शिरतो. ब्रिटनमध्ये ही फट पुस्तकानंतरही कित्येक वर्षं उघडीच राहिली आणि या फसवणुकीला कादंबरीचंच नाव पडलं.

माझ्या टेबलावर असलं काही नाट्य आलं नाही. आला तो एक साधा अर्ज, सगळे कागद बिनचूक. मला खटकल्या त्या घड्या. दाखले तीन वेगवेगळ्या वर्षांचे, पण घड्या तिन्हींच्या सारख्याच ताज्या. जुना कागद घडीवर मऊ पडतो, मळतो, कडेने उसवायला लागतो. हे कागद कुठेही मऊ पडलेले नव्हते. मी मूळ नोंद मागवली. नोंद नव्हतीच. वरिष्ठांनी विचारलं, “तुमच्या लक्षात कसं आलं?” तेव्हा मी कादंबरीचं नाव घेतलं नाही. आज घेते आहे.

आणि तो शेवट! रानात झाडाला टांगलेल्या, डोळे-नाक-तोंड रंगवलेल्या खरबुजावर एकेक गोळी झाडून तो दुर्बिणीचे स्क्रू जरा जरा फिरवत नेम पक्का करतो. इतकं सगळं करून गोळी हुकते, कारण जुन्या सैनिकाला पदक लावल्यावर राष्ट्राध्यक्ष त्याच्या गालाचं चुंबन घ्यायला पुढे वाकतात. मारेकरी इंग्रज, फ्रेंचांची ही रीत त्याच्या हिशेबातच नव्हती. ते वाकणं मी दर वेळी दोनदा वाचते.

* * *

मला कित्येक शतकं मागे जाऊ द्या. मी संस्कृत शिकवायचो. ‘मुद्राराक्षस’ हे नाटक नेमलेलं असायचं आणि मुलं समासांत अडकून पडायची. एका वर्षी मी समास बाजूला ठेवले आणि फळ्यावर फक्त हेरांची यादी केली. यमाची चित्रं असलेला पट दाखवत दारोदार फिरणारा निपुणक चाणक्याचा. क्षपणकाच्या, म्हणजे भटक्या साधूच्या वेशातला जीवसिद्धी, ज्याला राक्षस, हरलेल्या नंदांचा अमात्य, आपला जिवलग समजतो, तोही चाणक्याचाच. गारुडी होऊन आलेला विराधगुप्त मात्र राक्षसाचा.

मग ती अंगठी. राक्षसाचा मित्र चंदनदास, त्याच्या घरात राक्षसाची बायको लपलेली. मूल दाराबाहेर धावतं, ती त्याला घाईने आत ओढते आणि बोटातली अंगठी निसटून घरंगळत निपुणकाच्या पायाशी येते. राक्षसाची मुद्रा असलेली, पुरुषाच्या मापाची अंगठी, बाईच्या बोटात सैल होणारच. त्या मापावर सगळं नाटक उभं आहे! चाणक्य एक निनावी पत्र लिहवून घेतो, तेही राक्षसाच्याच माणसाकडून, शकटदासाकडून, ज्याला आपण कशासाठी लिहितोय याचा पत्ता नाही. त्यावर ती मुद्रा उठते. पुढे ते पत्र राक्षस ज्याच्या बाजूने लढतो त्या मलयकेतूच्या हाती लागतं आणि तो आपल्याच सर्वांत भरवशाच्या माणसाला हाकलून देतो.

मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो वर्षभर एक शब्द बोलला नव्हता, त्याने विचारलं, “सर, म्हणजे चाणक्याला राक्षसाला मारायचं नव्हतंच?” नव्हतंच. त्याला तो चंद्रगुप्ताचा अमात्य म्हणून हवा होता. शत्रूची इतकी किंमत जाणणारा सूत्रधार मला आजच्या कादंबऱ्यांत क्वचितच भेटतो. तो मुलगा त्यानंतर पहिल्या बाकावर बसायला लागला.

* * *

मी नर्स आहे. रात्रपाळीत पहाटे तीन ते पाच ही वेळ सर्वांत जड जाते. टॉम क्लॅन्सीची ‘द हंट फॉर रेड ऑक्टोबर’ (१९८४) मी त्या दोन तासांच्या तुकड्यातुकड्यांत महिनाभर वाचली. पाणबुडीतला सोनारवाला, म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या यंत्रावरचा माणूस, कानांना हेडफोन लावून सगळ्या समुद्राच्या गलक्यातून एकच वेगळा आवाज निवडतो, तिथे मी पुस्तक उलटं ठेवलं आणि वॉर्ड नुसता ऐकला. पंप, मॉनिटर, कोणाचा तरी श्वास. मीही रोज तेच काम करत होते.

* * *

जॉन ल कारे यांचं ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ (१९७४) मी दोनदा अर्धवट टाकलं. कोण कोणाशी बोलतंय कळेना, काही घडेना. स्माइली नावाचा एक जाडा, बुटका, निवृत्त माणूस जुन्या फायली वाचतो आणि टायच्या रुंद टोकाने चष्मा पुसतो. मला गोळीबार हवा होता.

तिसऱ्यांदा हातात घेतलं तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो आणि अकरा वर्षं सोबत असलेल्या भागीदाराने आमची गिऱ्हाइकं एकेक करून दुसरीकडे वळवल्याचं कळून महिना झाला होता. या वेळी पुस्तक खाली ठेववेना. ल कारे यांनी स्वतः ब्रिटनच्या एमआय ५ आणि एमआय ६ या दोन्ही गुप्तहेर खात्यांत काम केलं होतं. एमआय ६ मधला किम फिल्बी जानेवारी १९६३ मध्ये बैरूतहून नाहीसा झाला आणि मॉस्कोत निघाला. सोव्हिएत हेरांना तोंड देण्यासाठी काढलेल्या विभागाचा प्रमुख राहिलेला माणूस स्वतःच सोव्हिएत हेर! ती जखम या कादंबरीच्या पानापानांत आहे.

इंग्रजीत अशा माणसाला ‘मोल’ म्हणतात, जमिनीखाली बिळं करणारा प्राणी. आपला शब्द घरभेदी. त्यात घर आहे, म्हणून तो जास्त लागतो. मला सर्वांत लागलं ते हे, की नाव उघड होतं तेव्हा स्माइलीला धक्का बसत नाही. आतून सगळ्यांनाच कळलेलं असतं, पण बोलायची कोणाची तयारी नसते. बोललं तर खरं ठरेल म्हणून. मी पुस्तक पोटावर ठेवून बराच वेळ पडून राहिलो. मलाही माहीत होतं. दोन वर्षांपासून माहीत होतं. भागीदार फोन आला की उठून बाहेर जायचा, आणि मी मुद्दाम कागदांत डोकं घालायचो.

* * *

तक्रार मांडते. मी या कादंबऱ्या शेकड्यांनी वाचल्या, पण त्यांतली बाई बहुतेक वेळा आमिष असते नाहीतर प्रेत. मग दुसऱ्या महायुद्धातल्या खऱ्या हेर बायकांबद्दल वाचायला लागले. एक पाय लाकडी असलेली व्हर्जिनिया हॉल, जिने जर्मनांच्या नाकासमोर फ्रान्समध्ये हेरांचं जाळं विणलं. ब्रिटिशांसाठी काम करणारी नूर इनायत खान, १९४३ मध्ये पॅरिसात सोबतचे एकामागून एक पकडले जात असताना परत बोलावणं आलं तरी वायरलेस सोडून न गेलेली, आणि सप्टेंबर १९४४ मध्ये डाखाऊच्या छळछावणीत मारली गेलेली. नूर त्याआधी मुलांसाठी गोष्टी लिहायची. हे वाचल्यावर आधी वाचलेल्या कितीतरी कादंबऱ्या मला अर्ध्याच वाटायला लागल्या. स्टेला रिमिंग्टन १९९२ मध्ये एमआय ५ च्या पहिल्या महिला प्रमुख झाल्या आणि निवृत्तीनंतर त्यांनी हेरकादंबऱ्या लिहिल्या. त्यांची नायिका टेबलाशी बसून विचार करते. मला तेवढंच हवं होतं.

* * *

माझा अनुभव जरा कडू आहे. पंचविशीत मी एकामागून एक कटाच्या कादंबऱ्या वाचल्या आणि त्यांतून बाहेरच आलो नाही. बातमी वाचली की तिच्यामागे कोण, हाच प्रश्न. मोठ्या भावाशी बोलणं बंद झालं, कारण तो म्हणायचा, “असेल रे, चूक झाली असेल कोणाची तरी.” चूक हा शब्दच मला सहन होत नव्हता. कादंबरीत कोणी चुकून काही करत नाही ना! तिथे सांडलेल्या चहालाही अर्थ असतो.

मला बाहेर काढलं तेही एका खऱ्या कटानेच. अमेरिकेच्या सीआयए या गुप्तहेर संस्थेच्या ‘एमके-अल्ट्रा’ प्रकल्पाबद्दल, १९५३ पासून माणसांवर त्यांच्या नकळत केलेल्या औषधांच्या प्रयोगांबद्दल, मी सगळं मिळवून वाचत होतो. १९७३ मध्ये संचालक रिचर्ड हेल्म्स यांनी फायली नष्ट करायला सांगितल्या. तरी १९७७ मध्ये सुमारे २०,००० कागद सापडले. का? ते चुकून हिशेबाच्या फायलींबरोबर ठेवले गेले होते म्हणून. बिलं, मंजुऱ्या, खर्चाचे तपशील. अमेरिकेत विरोधी पक्षाच्या कार्यालयात झालेल्या वॉटरगेट घुसखोरीचंही तसंच. १६-१७ जून १९७२ च्या रात्री दाराच्या कुलपावर लावलेली चिकटपट्टी पहारेकऱ्याने काढून टाकली, चोरांनी ती पुन्हा लावली आणि दुसऱ्या फेरीत ती त्याला पुन्हा दिसली.

म्हणजे खरे कट असतात, आणि ते गबाळे असतात. त्यांच्या पावत्या राहतात. तेव्हापासून कोणी मला काही छातीठोक सांगितलं की मी विचारतो, पावती कुठे आहे? कादंबऱ्या अजून वाचतो, आता जास्त आनंदाने वाचतो. भावाला फोन केला त्याला सहा वर्षं झाली. तो लगेच बोलला, जणू कालच बोलणं झालं होतं. त्यानेही कोणाच्या चुकीचा विषय काढला नाही.

* * *

वरच्या दादांचं वाचून पावत्यांवरून आठवलं. १९४३ मध्ये ब्रिटिशांनी एक प्रेत स्पेनच्या किनाऱ्यावर, वेल्वाजवळ, समुद्रात सोडलं. अंगावर मरीन्सच्या मेजर विल्यम मार्टिनचा गणवेश, सोबतच्या बॅगेत खोटी पत्रं. दोस्त राष्ट्रांचा हल्ला सिसिलीवर नसून ग्रीस आणि सार्डिनियावर होणार असं जर्मनांना वाटावं म्हणून. ही कल्पना १९३९ च्या एका गुप्त टिपणात होती, आणि ती बेसिल थॉमसन यांच्या एका कादंबरीतून सुचल्याचं त्या टिपणातच लिहिलं होतं. हेरांनी कादंबरीकाराकडून उचललेली गोष्ट!

मी गोष्टी लिहायचा प्रयत्न करते आणि माझी पात्रं कागदी होतात असं सगळे सांगतात. म्हणून मेजरच्या खिशातल्या वस्तूंची यादी मी टेबलासमोर लावून ठेवली आहे. नाटकाच्या तिकिटांचे फाटके तुकडे. वाङ्‌निश्चयाच्या अंगठीचं न भरलेलं बिल. खात्यावरून जास्त उचललेले ७९ पौंड भरा म्हणून बँकेचं पत्र. वडिलांचं जरा शिष्ट पत्र, प्रेयसीची दोन पत्रं. प्रेमात पडलेला, उधळ्या, वडिलांना थोडा घाबरणारा तरुण त्या खिशात उभा राहतो, आणि तो कधी जन्मलाच नव्हता. प्रेत होतं वेल्समधल्या एका बेघर माणसाचं, ग्लिंडूर मायकेलचं. वेल्वातल्या थडग्यावर त्याचं खरं नाव कोरलं गेलं ते १९९८ मध्ये. ही ओळ वाचल्यावर मी त्या यादीखाली त्याचंही नाव लिहिलं.

* * *

बाबांना आता अक्षरं दिसत नाहीत. रोज रात्री मी वाचते, ते ऐकतात. सध्या वर कोणीतरी लिहिलंय तेच, ‘टिंकर टेलर’, बाबांच्या तरुणपणीची प्रत, कणा उसवलेली. मी पहिल्यांदाच वाचते आहे. प्रत्येक प्रकरण संपलं की बाबा विचारतात, “आज कोणावर संशय?” मी नाव सांगते. ते म्हणतात, “बघू.” पाच संशयितांपैकी चौघांवर माझा संशय घेऊन झाला.

परवा पुस्तक हातातून पडलं आणि पुढचंच पान उघडलं. मार्जिनमध्ये पेन्सिलीची बारीक बरोबरची खूण, एका नावाशेजारी. आणखी पुढे चाळलं तर तशाच खुणा, त्याच नावाशेजारी, आणि एका ठिकाणी बाबांच्या जुन्या, रेखीव अक्षरात तारीख. त्या रात्री त्यांनाही उलगडलं असणार.

मी ते त्यांना सांगितलेलं नाही. काल प्रकरण संपल्यावर त्यांनी नेहमीसारखं विचारलं, आणि मी मुद्दाम चुकीचं नाव घेतलं. बाबा उशीला टेकून बसले, हसू लपवायला तोंड भिंतीकडे वळवलं आणि म्हणाले, “बघू.”