एकट्याने मलाका: तुमचा शनिवार-रविवार कसा गेला?

उंबरठा

शाळेत नकाशात मलाक्काची सामुद्रधुनी दाखवायला यायची. मी ती दरवेळी सुमात्राच्या पलीकडे ढकलायचे आणि अर्धा गुण जायचा. आता क्वालालंपूरला येऊन तीन वर्षं झाली, त्या सामुद्रधुनीकाठचं मलाका गाव बसने दोन तासांवर आहे, तरी जाणं होत नव्हतं. कारण एकच: 'सगळे मिळून जाऊ'. सगळे म्हणजे आमचा सोळा जणांचा ग्रूप. त्यात कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाची सासू आलेली. शेवटी एका शनिवारी सकाळी टीबीएस बसस्थानकावर जाऊन एकटीचं तिकीट काढलं. साधारण १५ रिंगिट. मलाका सेंट्रलला उतरून पुढे ग्रॅबची टॅक्सी.

गावाचं नाव आवळ्यावरून पडलंय हे तुम्हाला माहीत होतं का? मलयमध्ये आवळ्याच्या झाडाला 'मलाका' म्हणतात. साधारण १४०० च्या सुमारास परमेश्वर नावाचा एक परागंदा राजा शिकार करता करता नदीकाठी या झाडाखाली टेकला. तिथे एका पिसोरी हरणाने त्याच्या शिकारी कुत्र्याला लाथ घालून पाण्यात पाडलं. एवढंसं हरीण इतकं धीट, तर जागा चांगली, म्हणून त्याने तिथेच गाव वसवलं. दंतकथाच, पण विजयनगरच्या ससा-कुत्र्याच्या गोष्टीची सख्खी बहीण वाटली.

मी उतरले होते ते जुनं पेरानाकान (इथे मुरलेल्या चिनी लोकांच्या वंशजांचं) घर. रस्त्यावरून बघाल तर दुकानाएवढं अरुंद, आत शिराल तर संपता संपत नाही. खोलीला खिडकी नव्हती (साइटवरच्या फोटोत होती!) आणि शेजारी मध्यरात्रीपर्यंत कराओके. चिडूनच खाली आले. घराच्या मधोमध उघडा चौक, अगदी आमच्या सदाशिव पेठेतल्या आजोळसारखा. दुपारी तीनला पाऊस आला. चारही बाजूंच्या पन्हाळींतून पाणी थेट घरात, मध्ये फरशीचं खोलगट कुंड, आणि मालकीणबाई शेजारी बसून निवांत भाजी निवडतायत. मी पाऊण तास तिथेच बसून होते. सोळा जण असते तर कुणीतरी 'चला, पुढचं बघायचंय' म्हणालं असतं.

तर इथे प्रतिसादात लिहा. एकट्याने गेला असाल तर काय केलंत, कुठे फसलात, काय खाल्लंत. जोडीने गेलेल्यांनी दुसरा धागा काढावा.

दोन डबे

मी सिंगापूरहून गेलो. एरवी चार तास, पण शुक्रवारी संध्याकाळी निघण्याचा शहाणपणा करू नका. सीमेवरच्या नाक्यावर अडीच तास उभा होतो. मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड आधीच भरून ठेवा. माझ्या पुढचा माणूस रांगेतच भरत होता.

मी पक्का शाकाहारी. त्यात शनिवारी संकष्टी. आई म्हणाली, परदेशात चालतं रे. पण म्हटलं, बघू.

इथली शाकाहाराची खरी गोम म्हणजे बलाचान, कोळंबीचा आंबवलेला गोळा. 'नुसती पालेभाजी आहे' म्हणून मागवाल, तर तोच घालून परतलेली येते. त्यामुळे उपवास बरा वाटला. सकाळी तुकांग एमास गल्लीतल्या गणपतीला गेलो. श्री पोय्याथा विनायगर मूर्ती, १७८१ चं देऊळ, डचांनी दिलेल्या जागेवरचं. इथल्या चिट्टी लोकांचं ते. मूळचे तमिळ व्यापारी, पण पिढ्यान्‌पिढ्या इथे मुरलेले. घरात मलय बोलतात, नावं आणि देव हिंदू. त्याच गल्लीत चार पावलांवर १७४८ ची कंपुंग क्लिंग मशीद, जिचा मिनार पॅगोडासारखा दिसतो, आणि पुढे चेंग हून तेंग हे चिनी मंदिर. देवळातला कापूर आणि चिनी उदबत्त्यांचा धूर रस्त्याच्या मधोमध एक होतात.

संध्याकाळी जोंकर रस्त्यावरच्या रात्रबाजारात (शुक्र ते रवि भरतो) सगळे चेंदोल खात होते: बर्फाचा कीस, नारळाचं दूध, हिरव्या शेवया, वरून काळपट गुळाचा पाक. शेवया तांदळाच्या पिठाच्या, म्हणजे बाद. मग एका ठेल्यावर पाटी दिसली: सागो गुला मलाका. सागो! आपल्या साबुदाण्यातला 'साबू' तो हाच. मी मावशींना खुणेने, मोडक्या मलयमध्ये विचारलं, यात तांदूळ आहे का? 'सागू साजा', म्हणाल्या. फक्त सागू. वाटीत उपडा केलेला पारदर्शक, गार साबुदाणा, भोवती नारळाचं दूध, वरून माडाचा गूळ. आई, तू म्हणालीस तसं काहीच चालवून घ्यावं लागलं नाही.

चंद्रोदय मात्र दहाच्या सुमारास आणि आकाश ढगाळ. नदीच्या पुलावर पाऊण तास वर बघत उभा राहिलो. एका चिनी आजोबांनी येऊन विचारलं, ड्रोन हरवला का?

गुडघेदुखी

वय ६७. मुलगा सिंगापूरला. त्याला सुट्टी नाही, हिला बस लागते. म्हणून मी एकटा.

डच चौकातल्या लाल इमारतींचे फोटो सगळ्यांनी पाहिले असतीलच. मी आयुष्यभर बांधकाम खात्यात होतो, त्यामुळे मी छत बघतो. ख्राइस्ट चर्च १७५३ साली पुरं झालं. आतल्या तुळया सुमारे ४८ फुटांच्या, आणि प्रत्येक एकाच झाडाची. सांधा नाही. मी बाकावर मान मागे टाकून तुळया मोजत बसलो. आत फोटो काढू देत नाहीत ते उत्तम आहे, नाहीतर कोणी वर पाहिलंच नसतं.

मग टेकडी. पायऱ्या फार नाहीत, पण उन्हात दमवतात. सकाळी आठला जा. वर सेंट पॉलचं चर्च, छप्पर नसलेलं. भिंतींना टेकवून डचांचे थडग्याचे दगड उभे केलेत, माणसापेक्षा उंच, काहींवर कवटी आणि हाडं कोरलेली. खाली उतरलं की किल्ल्याचा उरलेला एकमेव दरवाजा. पोर्तुगीजांनी बांधला, डचांनी स्वतःचं चिन्ह आणि १६७० साल कोरलं, आणि १८०७ मध्ये इंग्रजांनी बाकी सगळा किल्ला सुरुंग लावून उडवला. आपल्याकडेही १८१८ नंतर त्यांनी गडांच्या वाटा आणि दरवाजे असेच फोडले. एकाच हाताचं काम.

परत येताना गुडघ्याने संप केला. तीनचाकी सायकलरिक्षा केली. भाव आधी ठरवा, बरं का. रिक्षावर डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी हॅलो किटी, दिवे, कागदी फुलं. मी भारतीय आहे हे पाहून रिक्षावाल्याने मोठ्ठ्याने हिंदी गाणं लावलं. पहिली पाच मिनिटं मी टोपी नाकापर्यंत ओढून बसलो. मग एका पोराने हात केला, मीही केला. नंतर सगळ्यांनाच करत सुटलो. हिला फोटो पाठवलेला नाही. मुलाने पाठवला.

खिडकीतली सीट

माझी ही पहिलीच एकटीची ट्रिप. घरी सांगितलं होतं की 'ऑफिसच्या मैत्रिणी आहेत'. (आई हे वाचत नाही.)

दिवसा काहीच वाटत नाही. दुकानांपुढच्या पाच फुटी व्हरांड्यांतून चालत राहायचं, ऊन लागत नाही, कुणी त्रास देत नाही. फजिती झाली ती संध्याकाळी. सामुद्रधुनीच्या काठावरची मस्जिद सलात बघायला गेले. २००६ मध्ये बांधलेली, खांबांवर उभी, भरतीला पाण्यावर तरंगल्यासारखी दिसते. दारात झगा आणि डोक्याला ओढणी देतात. सूर्य सात-सव्वासातला बुडतो, सगळं आकाश संत्र्याच्या सालीच्या रंगाचं. मी फोटोंवर फोटो काढले आणि मग पाहिलं: बॅटरी ४ टक्के.

ती मशीद एका कृत्रिम बेटावर आहे आणि वाटेत रिकाम्या, अर्धवट सोडलेल्या इमारतींच्या रांगाच्या रांगा आहेत. अंधारात त्या बघून पोटात गोळा आला. मी फाटकापाशी थिजून उभी. झगे परत घेणाऱ्या मक्चिकने (म्हणजे मावशी, इथे वयाने मोठ्या बायकांना म्हणतात) काय ते ओळखलं. स्वतःच्या फोनवरून गाडी बोलावली, पैसे मी रोख दिले. गाडी येईपर्यंत ती माझ्या शेजारी कट्ट्यावर बसली. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला मलय. तिने माझ्या कपाळाकडे बोट करून 'केपाला?' विचारलं, म्हणजे डोकं दुखतंय का. केपाला, कपाळ! मग आम्ही तोच खेळ खेळलो. मुख ते 'मुका'. उपवास ते 'पुआसा'. नवरा ते 'सुआमी', स्वामी! यावर ती खूप हसली, बहुतेक नवऱ्यांचं मलेशियातही तेच असावं.

पॉवर बँक न्या. आणि तिथून परतीची गाडी आधी ठरवून ठेवा.

कंटाळा

माझं मत वेगळं आहे, शिव्या घाला. शनिवारी जोंकर म्हणजे गणपतीच्या आदल्या दिवशीची तुळशीबाग. सगळीकडे तीच चुंबकं, त्याच पिशव्या, सायकलरिक्षांचा कल्ला. शेंगदाण्याच्या उकळत्या रश्श्यात काड्या बुडवून खायच्या म्हणून एका ठिकाणी तासभर रांगेत उभा राहिलो, आणि एकट्याला टेबल मिळेना, चार जण असाल तर या म्हणे. एकट्याने जायचं तर मंगळवार-बुधवारी जा. किंवा सरळ पेनांगचं जॉर्जटाउन गाठा, युनेस्कोच्या यादीत दोघंही २००८ ला एकत्रच आलीत.

एक कबूल करतो. रविवारी सकाळी सात वाजता तोच रस्ता झाडून स्वच्छ, एकही माणूस नाही, आणि कुठल्यातरी माडीवर कुणीतरी रेडिओ लावलेला. ती वीस मिनिटं चांगली होती.

रापण

आम्ही गोंयकार, त्यामुळे आमच्यासाठी हे थोडं घरचंच कार्य. पोर्तुगीज सेनानी आफोन्सो द आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा घेतलं आणि पुढच्याच वर्षी मलाका. इथली लूट भरलेलं त्याचं 'फ्लोर द ला मार' जहाज परतीच्या वाटेवर सुमात्राजवळ बुडालं. त्याची प्रतिकृती नदीकाठी उभी आहे, आत सागरी संग्रहालय. आपल्याला लुटणाऱ्याची दुसरी लूट बुडाली हे वाचताना मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

पण मी गेलो होतो एका खड्ड्यासाठी. गुडघेदुखी काकांनी सांगितलेल्या त्याच छप्पर नसलेल्या चर्चमध्ये, जमिनीत, वर जाळी घातलेला एक रिकामा चौकोन आहे. सेंट फ्रान्सिस झेवियर, आमचो गोंयचो सायब, १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्यावर वारला. १५५३ मध्ये त्याचं शव इथे आणून पुरलं, काही महिन्यांनी काढून गोव्याला नेलं. जुन्या गोव्यात दर दहा वर्षांनी प्रदर्शन भरतं तेव्हा आमच्याकडे चालायला रस्ता मिळत नाही. २०२४ च्या डिसेंबरात मी स्वतः रांगेत उभा होतो. आणि इथे? जाळीच्या आत पाच-दहा नाणी, एक पाण्याची बाटली, आणि जाळीवर झोपलेलं मांजर. मी एकटा होतो म्हणून दहा मिनिटं उभा राहिलो, आणि का कोण जाणे, माय आठवली.

बाहेरच्या त्याच्या पुतळ्याला उजवा हात नाही. झाड पडून तुटला म्हणतात. खऱ्या शवाचाही उजवा हात १६१४ मध्ये काढून रोमला नेला होता. कोणी काय मानायचं ते मानो.

आणि दोदोल! दुकानात केळीच्या पानासारख्या कागदात गुंडाळलेलं काळं, तेलकट, चिवट. चाखलं. तांदळाचं पीठ, नारळाचा रस, माडाचं गोड, म्हणजे गूळ. नाव पण दोदोलच. विकणाऱ्या पोरीला मी म्हटलं, हे आमचं नाताळचं. ती म्हणाली, नाही, हे आमचं ईदचं. आम्ही दोघांनी वाद घातला नाही, मी दोन किलो घेतलं.

रेवदंड्याचा

रापण, तुम्ही उजोंग पासिरला गेला नाहीत? समुद्राकाठी, मुख्य गावापासून तीनेक किलोमीटरवर पोर्तुगीज वस्ती आहे. क्रिस्तांग लोक, पोर्तुगीज-मलय मिश्र वंशाचे. पोर्तुगीज जाऊन १६४१ पासून पावणेचारशेहून जास्त वर्षं झाली, तरी घरात पोर्तुगीज मिसळीची बोली बोलणारी म्हातारी माणसं अजून आहेत.

आता मी का गेलो ते सांगतो. आमच्या रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई. तिथेही १७४० मध्ये पोर्तुगीज गेले आणि किल्ल्याखालच्या वाडीत त्यांची मोडकी बोली तशीच राहिली, मराठी पचवून. शाळेत माझ्या बाकावर कोर्लईचा एक जण होता. आम्ही त्याच्या भाषेची टिंगल करायचो, तो आम्हाला त्याच भाषेत शिव्या द्यायचा.

रविवारी दुपारी वस्तीत पोचलो. घरांपुढे जाळी वाळत घातलेली, अंगणात क्रूस, सुक्या मासळीचा वास. बंद डोळ्यांनी सोडलं असतं तर कोर्लईच म्हणालो असतो. एक आजोबा जाळं शिवत बसले होते. त्यांना इंग्रजी छान येत होतं. मासळीला ते 'पेसी' म्हणतात, पाण्याला 'आगू'. मी म्हटलं, थांबा. सरळ व्हिडिओ कॉल लावला मित्राला. तो बोटीवरून नुकताच आला होता, बनियनवर. फोन आजोबांच्या हातात दिला.

पहिल्यांदा दोघंही नुसते बघत बसले. मग मित्राने काहीतरी विचारलं. आजोबांनी सुई खाली ठेवली, फोन तोंडाशी धरला आणि हळूहळू, एकेक शब्द सुटा करून बोलले. पलीकडून उत्तर आलं. पाच-सात मिनिटं चाललं. मधूनच दोघं एकच शब्द एकदम म्हणायचे आणि हसायचे. फोन परत देताना आजोबा म्हणाले, 'मुतू मेर्से'. खूप आभार.

मित्राला नंतर विचारलं, काय कळलं? म्हणाला, अर्धं. आणि उरलेलं अर्धं? म्हणाला, डिझेल महागलं असणार, दुसरं काय.

उंबरठा

रेवदंड्याचा, तुमच्या मित्राला माझा नमस्कार सांगा. सगळ्यांनाच धन्यवाद, मी यातल्या निम्म्या गोष्टी पाहिल्याच नाहीत, परत जावं लागणार. एक राहिलं: ज्यावरून नाव पडलं ते आवळ्याचं झाड कुणाला दिसलं का?

गुडघेदुखी

दिसलं. टेकडीखाली रस्त्याच्या कडेला आहे, पाटी लावलेलं. खाली दोन-तीन पडले होते. इकडे-तिकडे पाहून एक उचलला, धोतराला, म्हणजे पँटला पुसला आणि खाल्ला. आपल्यापेक्षा लहान आणि जास्त तुरट. वर घोटभर पाणी प्यायलो. पाणी गोड लागलं.