गोळी बंद केली, आता डोक्यात करंट मारतोय. मदत हवी आहे

खिडकीतला: चिंतेवरची गोळी चार दिवसांपूर्वी बंद केली, बरं वाटत होतं म्हणून. कालपासून मान वळवली की डोक्यात करंट मारतो, चक्कर येते, रात्रभर टक्क जागा. आजार उलटला का? डॉक्टर सोमवारपर्यंत बाहेरगावी. पटकन सांगा.

चष्मिष्ट: कुठली गोळी? किती मिग्रॅ? किती महिने?

खिडकीतला: पांढरी, रात्रीची. आठ महिने.

चष्मिष्ट: रंगावरून काय कळणार! स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात घटक असतात, ते लिहा.

खिडकीतला: एस्सिटालोप्राम १०, क्लोनाझेपाम ०.५.

आडकित्ता: म्हणजे एका गोळीत दोन औषधं, आणि दोन्ही एकदम तोडलीत. करंट एस्सिटालोप्राम (चिंता-नैराश्यावरचं औषध) तुटल्याचा. ते रक्तात निम्मं व्हायला सुमारे ३० तास लागतात, म्हणून त्रास दोन-चार दिवसांनी उगवतो. आजार उलटतो तो सहसा सावकाश, काही आठवड्यांत, आणि त्यात करंट नसतो. झोप उडण्यात क्लोनाझेपाम (शांत करणारं, झोप आणणारं औषध) तुटल्याचाही हात असणार. खरी भीती त्याचीच: इतक्या महिन्यांनी एकदम सोडलं तर फिट येऊ शकते.

बाराखडी: अर्धी गोळी घ्या की. महिन्यात सुटेल.

आडकित्ता: अर्धी केली की दोन्ही औषधं अर्धी होतात, घोळ तिथेच आहे. दोन वेगळ्या गोळ्या लिहून घ्यायच्या. साधारणपणे आधी क्लोनाझेपाम ०.२५ वर आणतात, तिथे काही आठवडे थांबतात, तोवर एस्सिटालोप्रामला हात लावत नाहीत. वेग डॉक्टरांनी ठरवायचा.

हिरवळ: एवढा व्याप कशाला? प्रोप्रानोलॉल घ्या. धडधड थांबते, सवयही लागत नाही.

चष्मिष्ट: धडधड होते असं ते म्हणालेत कुठे? शिवाय दमा असेल तर त्याने श्वासनलिका आवळतात.

खिडकीतला: दम्याचा पंप आहे माझ्याकडे. लिहायचं राहिलं.

चष्मिष्ट: बघा!

पैसेवसूल: जनऔषधी केंद्रात एस्सिटालोप्राम बरंच स्वस्त पडतं.

बाराखडी: किमतीचं कोणी विचारलंय?

खिडकीतला: सोमवारपर्यंत काय करू ते सांगा. घरात आठ गोळ्या आहेत.

आडकित्ता: सोमवार कशाला, आजच दुसरे मानसोपचारतज्ज्ञ गाठा, नाहीतर सरकारी रुग्णालय. किंवा टेली मानस, सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन: १४४१६, चोवीस तास, फुकट. नेमकं विचारा: आठ महिने हा डोस, चार दिवस बंद, जुनाच डोस आज सुरू करू का? दमाही सांगा. दारू नको, गाडी चालवू नका. हात थरथरायला लागले, भास झाले किंवा फिट आली तर थेट १०८. हे घरच्यांनाही सांगून ठेवा, फिट आल्यावर फोन तुम्ही करणार नाही.

खिडकीतला: १४४१६ लागला. पहिला प्रश्न: कुठली गोळी?