घाई कुणाची, उशीर कुणामुळे

‘अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातीच्या स्वतःच्या कोर्टात दत्तक प्रकरण गेलं की ते रेंगाळतं आणि मूल शेवटी नातेवाइकांकडेच जातं’ असं म्हटलं जातं, ते मला पटत नाही. अमेरिकेतला होलीफिल्ड खटला बघा. मिसिसिपीतल्या चोक्तॉ जमातीची जुळी मुलं डिसेंबर १९८५ मध्ये रिझर्व्हेशनबाहेर, म्हणजे जमातीसाठी राखलेल्या प्रदेशाबाहेर, जन्मली. आईवडिलांची संमती होती, त्यामुळे राज्याच्या कोर्टाने महिनाभरात दत्तक मंजूर करून टाकलं. भलतंच जलद! पण १९७८ च्या इंडियन चाइल्ड वेल्फेअर कायद्यानुसार, ज्यांचं कायमचं घर रिझर्व्हेशनवर आहे अशा मुलांचं प्रकरण फक्त जमातीच्या कोर्टापुढे चालतं. घर कुठलं हे ठरायला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं, निकाल एप्रिल १९८९ मध्ये. म्हणजे तीन वर्षं गेली ती अधिकाराच्या भांडणात. पुढे जमातीच्या कोर्टाने मुलं बिगर-चोक्तॉ दत्तक आईकडेच राहू दिली, कारण तोवर त्यांना तिचा लळा लागला होता.

दुसरं म्हणजे, मिनेसोटातल्या व्हाइट अर्थसारख्या जमातींत रूढीनुसार दत्तक देता येतं. त्यात जन्मदात्यांचं नातं कायद्याने तोडावं लागत नाही. राज्यांच्या कोर्टात सगळ्यात कडवट लढाई होते ती नेमकी या तोडण्यावर, आणि मूल तोवर फोस्टर घरात, म्हणजे तात्पुरत्या सांभाळाच्या कुटुंबात. न्यायाधीशाला आजी-मावशा माहीत असतील तर लेकराची सोय लवकर लागते, हेही आहेच. अर्थात लहान जमातींकडे पैसा आणि माणसं दोन्ही तुटपुंजी, तिथे तारखा पडतातच.